किरणोत्सवाच्या बातमीत अंश आणि मिनिटे हवीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाची, म्हणजे मावळतीची किरणे थेट गाभाऱ्यातल्या मूर्तीवर पडण्याच्या सोहळ्याची, बातमी वर्षातून दोनदा छापून येते. नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांना आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला. बातमीचा साचा ठरलेला आहे. किरणे महाद्वारातून आत आली, गरुड मंडप ओलांडून पितळी उंबऱ्यापर्यंत पोहोचली, चांदीच्या उंबऱ्यावरून आत शिरली, चरणांना, मग कमरेला स्पर्श करून ‘लुप्त झाली’. मुखापर्यंत गेली तर ‘पूर्ण क्षमतेने किरणोत्सव’, नाही तर ‘अडथळ्यांमुळे भाविकांचा हिरमोड’. या साच्याबद्दलच हे पत्र आहे. किरणे लुप्त होण्याचे निदान तीन प्रकार आहेत, तिन्हींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे. बातमीत ते एकाच शब्दात गुंडाळले जातात आणि मग सगळा दोष कधी हवामानावर, कधी महाद्वार रोडवरच्या इमारतींवर ढकलून मोकळे होता येते.

आधी भूमिती पाहू. विषुववृत्ताच्या किती दक्षिणेला वा उत्तरेला सूर्य आहे, त्याला पंचांगात क्रांती म्हणतात. १० नोव्हेंबरच्या संध्याकाळी सूर्याची क्रांती दक्षिणेला १७ अंश आणि थोड्या कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) असते. त्यानंतर सूर्य आणखी दक्षिणेला जातो, २१ डिसेंबरच्या सुमारास २३ अंश २६ कलांवर थांबतो आणि मागे फिरतो. परतीच्या वाटेवर पुन्हा १७ अंशांवर येतो तो १ फेब्रुवारीला. जाताना ४१ दिवस, येताना ४२. किरणोत्सवाच्या तारखांच्या दोन जोड्या म्हणजे सूर्याने एकाच दारावरून जाताना आणि येताना केलेली पावले आहेत. वर्षात तिसऱ्यांदा हे घडूच शकत नाही.

कोल्हापूरचा अक्षांश १६.७ अंश. तिथे १७ अंश दक्षिण क्रांतीचा सूर्य नेमक्या पश्चिमेला मावळत नाही, तर पश्चिमेपासून दक्षिणेकडे सुमारे १८ अंशांवर मावळतो. त्यामुळे इंग्रजी संकेतस्थळांवर, आणि तिथून उचललेल्या मराठी मजकुरातही, ‘२१ मार्च व २१ सप्टेंबरच्या आसपास तीन दिवस मावळतीची किरणे देवीच्या मुखावर पडतात’ असे जे छापले जाते, ते महाद्वाराच्या मार्गाला लागू पडत नाही. विषुवदिनी सूर्य नेमका पश्चिमेला मावळतो. १८ अंशांचा हा फरक किरकोळ नाही. दारापासून ३० मीटर आत उजेडाचा ठिपका त्यामुळे जवळपास १० मीटर बाजूला जातो, म्हणजे गाभाऱ्यात न जाता भिंतीवर आपटतो. एकाच वाटेने दोन्ही गोष्टी होणे शक्य नाही. आपल्या दैनिकाने निदान पर्यटन पुरवणीत तरी हे वाक्य पुन्हा छापू नये.

घड्याळाचीही एक गंमत आहे. नोव्हेंबरमध्ये कोल्हापुरात सूर्यास्त सहाच्या आसपास होतो आणि १ फेब्रुवारीला साडेसहाच्या आसपास. सूर्य तोच, क्रांती तीच, दिवसमानही जवळपास तेच, आणि घड्याळात अर्ध्या तासाचा फरक. याचे कारण असे की खरा सूर्य नोव्हेंबरच्या सुरुवातीला घड्याळाच्या १६ मिनिटे पुढे असतो आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेतेरा मिनिटे मागे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा आस कललेला आहे, या दोन्हींचा हा परिणाम. त्यामुळे नोव्हेंबरची वेळ लक्षात ठेवून फेब्रुवारीत गेलेला माणूस अर्धा तास आधीच जाऊन ताटकळतो आणि फेब्रुवारीची वेळ धरून नोव्हेंबरमध्ये जाणाऱ्याच्या वाट्याला अंधार येतो.

किरणे चरणांपासून वर का चढतात, हे बातमीत कधीच येत नाही. सूर्य खाली जातो म्हणून उजेड वर चढतो. दाराच्या चौकटीची वरची पट्टी उजेडाला वरून कापते. सूर्य उंच असेल तर किरणे तिरपी खाली येतात आणि उंबऱ्याजवळच जमिनीवर पडतात. सूर्य जसजसा क्षितिजाकडे झुकतो, तसतशी ती आडवी होतात, आत शिरतात आणि मग मूर्तीवर वर सरकतात. हिशेबासाठी समजा, उजेड कापणारी पट्टी मूर्तीपासून ३० मीटरवर आहे. सूर्य एक अंश खाली आला की उजेडाची वरची कड ५२ सेंटिमीटर वर जाते. कोल्हापूरच्या अक्षांशावर या दिवसांत सूर्याला एक अंश खाली यायला सुमारे ४ मिनिटे २४ सेकंद लागतात. म्हणजे तीन फुटांच्या आतबाहेरची मूर्ती चरणांपासून मुखापर्यंत उजळायला सात-आठ मिनिटे पुरतात. एवढ्यावरच सगळा उत्सव चालतो.

पण सूर्य सरळ खाली उतरत नाही. आपल्या अक्षांशावर तो तिरका उतरतो, उजवीकडे म्हणजे उत्तरेकडे सरकत. एक अंश खाली येताना जवळपास एक तृतीयांश अंश उत्तरेला. त्यामुळे गाभाऱ्यातला उजेड उलट दिशेला, दक्षिणेकडे सरकतो. देवी पश्चिमाभिमुख आहे, तेव्हा तिची डावी बाजू दक्षिणेला येते. वरच्याच ३० मीटरच्या हिशेबात उजेड ५२ सेंटिमीटर वर चढेपर्यंत १६ सेंटिमीटर देवीच्या डावीकडे सरकलेला असतो. म्हणून किरणोत्सव म्हणजे केवळ वर चढणारा उजेड नव्हे, वर आणि डावीकडे तिरपा जाणारा उजेड आहे. तो मूर्तीच्या मध्यावर नेमक्या कोणत्या उंचीला असेल, हे त्या दिवशीच्या क्रांतीवर ठरते.

इथेच तीन दिवसांच्या पायऱ्यांचा उलगडा होतो. नोव्हेंबरमध्ये सूर्य रोज सुमारे १७ कला दक्षिणेला जातो. त्यामुळे मंदिराच्या अक्षावर, म्हणजे महाद्वार ते गाभारा या सरळ रेषेवर, तो आदल्या दिवसापेक्षा थोडा उशिरा, म्हणजे जवळपास एक अंश कमी उंचीवर असताना येतो. उंची कमी, म्हणून उजेड अधिक वर. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मध्य, तिसऱ्या दिवशी मुख, ही परंपरेने सांगितलेली चढण भूमितीत चपखल बसते. हे ज्याने कुणी ओळखले त्याला साष्टांग नमस्कार.

मात्र जानेवारी-फेब्रुवारीत सूर्य उत्तरेकडे परतत असतो. तेव्हा तो रोज अक्षावर एक अंश जास्त उंचीवर येणार, आणि उजेड रोज खाली उतरायला हवा, म्हणजे आधी मुख, शेवटी चरण. रूढ वर्णनात मात्र दोन्ही वेळा चरण, कंबर, मुख हाच क्रम सांगितला जातो. दाराची रुंदी रोजच्या सरकण्यापेक्षा जास्त असल्याने उजेडाचा पट्टा रुंद असतो. त्यामुळे क्रम काटेकोर न राहता तिन्ही दिवस चरण ते मुख अशी चढण थोडीफार दिसू शकते. पण तिन्ही दिवसांत सर्वांत उत्तम दिवस कोणता, याचे उत्तर नोव्हेंबरमध्ये शेवटचा आणि फेब्रुवारीत पहिला असे यायला हवे. दहा वर्षांच्या सहा-सहा संध्याकाळी मिनिटागणिक नोंदवल्या की निकाल लागेल. ‘पूर्ण क्षमतेने’ या शब्दांतून तो लागणार नाही.

लीप वर्षाचाही यात हात आहे. वर्ष ३६५ दिवसांचे नसून त्यापेक्षा जवळपास पाव दिवस मोठे आहे. त्यामुळे त्याच तारखेची क्रांती दरवर्षी पाव दिवसाने मागे पडते आणि चौथ्या वर्षी २९ फेब्रुवारी येऊन जागेवर येते. पाऊण दिवसाचा फरक म्हणजे सुमारे १३ कला, आणि अक्षावरच्या उंचीत अर्ध्या अंशाहून जास्त. म्हणजे एखाद्या वर्षी ११ तारखेला मुखापर्यंत गेलेली किरणे दोन-तीन वर्षांनी त्याच तारखेला गळ्यापर्यंतच गेली, तर तेवढ्यावरून नवी इमारत शोधायला धावू नये. मुख्य दिवसांच्या आगेमागे एकेक दिवस निरीक्षण करणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

आता लुप्त होण्याचे तीन प्रकार.

पहिला, उजेड बाजूला सरकून जातो. ठिपक्याची कड स्पष्ट असते, रंग सोनेरीच असतो, पण तो मूर्तीवरून देवीच्या डावीकडे घसरतो आणि भिंतीवर जातो. यात कुणाचाही दोष नाही. दिवस थोडा आधीचा किंवा नंतरचा आहे, एवढेच. एखादा दिवस थांबा.

दुसरा, उजेड जागेवरच राहतो पण तांबूस होत होत विझतो. दहा-पंधरा मिनिटे आधीपासूनच तो फिका असतो आणि गरुड मंडपातही सावल्या पुसट पडलेल्या असतात. हे हवेचे काम. दुपारी आकाश निरभ्र होते, मग संध्याकाळी असे कसे, हा प्रश्न भाविक हमखास विचारतात. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असे धरू. क्षितिजापासून तीन अंशांवर तो तसल्या सुमारे १५ थरांतून येतो. एका थराने शंभरातले २० भाग अडवले तर १५ थरांनंतर साडेतीन भाग उरतात. धूळ-धूर-बाष्प वाढून एका थराने ३० भाग अडवले तर उरतो अर्धा भाग. दुपारी ८० आणि ७० मधला फरक कुणाच्या डोळ्याला कळतसुद्धा नाही, संध्याकाळी मात्र उजेड सातपट कमी होतो. नोव्हेंबर म्हणजे उसाचा गळीत हंगाम, गुऱ्हाळांच्या चुलवाणांचा धूर, कुठे पेटवलेले पाचट, पंचगंगेच्या खोऱ्यात संध्याकाळी उतरणारे धुके. दिवाळी चांद्र तिथीने हलते, किरणोत्सव सूर्याच्या तारखेला खिळलेला आहे. त्यामुळे २०२३ सारख्या वर्षी, जेव्हा लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते, फटाक्यांचा धूरही नेमका याच दिवसांत येऊन पडतो. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला आटोपले होते. दोन वर्षांची तुलना करताना हे ध्यानात घ्यायला नको काय?

तिसरा प्रकार इमारतींचा. यात उजेड तेजस्वी असताना सगळी मूर्ती एकाच वेळी मंद व्हायला लागते आणि सव्वादोन-अडीच मिनिटांत अंधार होतो. रंग फारसा बदललेला नसतो. सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी आहे आणि ती एखाद्या छपरामागे पूर्ण जायला एवढाच वेळ लागतो. त्याच क्षणी शेजारच्या उंच गच्चीवरच्या माणसाला सूर्य अजून दिसत असेल, तर निदान पक्के.

अडथळा कशाचा होतो आणि कशाचा होत नाही, यासाठी एक सोपा नियम आहे. वस्तूच्या रुंदीला १०७ ने गुणा. तेवढ्या अंतरापर्यंतच तिची गडद सावली पोहोचते, पुढे नुसता अंधुकपणा उरतो. एक सेंटिमीटर जाडीची केबल जेमतेम एक मीटरभर सावली टाकते. महाद्वार रोडवरच्या तारांवर बातम्यांत राग काढला जातो, पण शंभर मीटरवरच्या तारेने गाभाऱ्यातला उजेड जाणवण्याइतका कमी होत नाही. दहा सेंटिमीटरच्या खांबाची गडद सावली पावणेअकरा मीटरवर संपते. पण एक मीटर रुंदीच्या पाण्याच्या टाकीची सावली १०७ मीटर जाते, आणि सलग कठडा किंवा पत्र्याची शेड म्हणजे तर नवे क्षितिजच. तारा काढून फोटो छान येतील. किरणांना वाट हवी असेल तर टाक्या, कठडे, शेड आणि मोठे फलक पाहायला हवेत.

आणि उंचीचा हिशेब. किरणे अक्षावर येतात तेव्हा सूर्य दोन-तीन अंशांवरच असतो. गाभाऱ्याच्या पातळीपासून १२ मीटर उंच इमारत ३०० मीटरवर असेल तर ती २.३ अंश अडवते. तीच ५०० मीटरवर असेल तर १.४ अंश. ३०० मीटरवरच्या इमारतीवर नंतर चढवलेली दोन मीटर उंचीची सलग शेड आणखी ०.४ अंश खाते, म्हणजे दीड-पावणेदोन मिनिटे. चरणांपासून मुखापर्यंतचा प्रवास सात-आठ मिनिटांचा, त्यात एका शेडने एवढा वेळ घेतला तर मुख गेलेच म्हणायचे. उलट अक्षाच्या दोन अंश बाजूला असलेल्या पाचमजली इमारतीचा काहीएक संबंध येत नाही, मग ती कितीही डोळ्यांत खुपो. ‘परिसरातील उंच इमारती’ हा शब्दप्रयोग म्हणून निरर्थक आहे. अक्षावर कोणती, किती अंतरावर, किती अंश, एवढेच विचारायचे.

हे अंश मोजायला मोठे यंत्र लागत नाही. ५७.३ सेंटिमीटर लांबीची सरळ काठी घ्या, तिच्या टोकाला काटकोनात मिलिमीटरची पट्टी उभी बसवा. काठीचे दुसरे टोक डोळ्याशी धरले की पट्टीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे एक अंश आणि एक मिलिमीटर म्हणजे सहा कला. काठी आडवी आहे की नाही हे पाणसळीने तपासायचे. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी त्याहून उत्तम. एकदा मोजले की काठी उलटी करून पुन्हा मोजायचे आणि दोन्हींची सरासरी धरायची, म्हणजे पट्टी वाकडी बसल्याची चूक निघून जाते. मोजमाप सकाळी करावे, सूर्य पाठीशी असताना. मोजायच्या आहेत त्या इमारती, सूर्य नव्हे, आणि मावळता झाला तरी सूर्याकडे दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून रोखून पाहू नये. दिशेसाठी मोबाइलमधल्या होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी कठडे, बॅरिकेड, ध्वनिक्षेपक यांच्याजवळ ते सहज पाच-दहा अंश खोटे बोलते. ओळंबा टांगून त्याच्या सावलीची रेघ जमिनीवर आखा, वेळ सेकंदासह लिहा. त्या वेळचा सूर्याचा दिगंश, म्हणजे क्षितिजावरची त्याची दिशा अंशांत, गणिताने काढता येतो आणि त्यावरून मंदिराचा अक्ष अंशाच्या दहाव्या भागापर्यंत मिळतो. मूर्तीच्या पातळीवरून मोजायचे असल्याने हे काम पुजारी आणि व्यवस्थापन यांना बरोबर घेऊनच होईल.

उजेड मोजणाऱ्यांसाठी एक सूचना. लक्समापकाचे तोंड किरणांच्या समोर धरावे. ते वर छताकडे धरून घेतलेले आकडे एवढ्या आडव्या किरणांना काही कामाचे नसतात. मंडपातले दिवे आणि चित्रीकरणाचे झोत चालू असताना घेतलेला आकडाही टाकून द्यावा. धुपाचा धूर असला की किरणांचा झोत हवेत सुरेख दिसतो, छायाचित्रकार त्यावर खूष असतात. पण तो दिसतो याचा अर्थच असा की मूर्तीकडे जाणारा उजेड वाटेत विखुरतो आहे. मंडपात उभ्या भाविकांची डोकी हा तर सर्वांत जवळचा अडथळा, आणि तो एका दोरीने दूर होतो.

मंदिर जुने, तेव्हा आकाशच बदलले असेल, असाही एक युक्तिवाद ऐकू येतो. तो तपासून पाहिला तर टिकत नाही. पृथ्वीच्या आसाचा कल शतकाला सुमारे ४७ विकलांनी (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) कमी होतो. हजार वर्षांत हा फरक १७ अंशांच्या आसपासच्या क्रांतीवर साडेपाच कला पडतो, म्हणजे तारखेत जेमतेम एक तृतीयांश दिवस. आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजच्या थडग्यात असा फरक दिसतो, कारण ते इ. स. पू. ३२०० च्या सुमाराचे आहे. तिथे दाराच्या वर किरणांसाठी मुद्दाम ठेवलेल्या झरोक्यातून हिवाळी अयनदिनाचा, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाचा, उगवता सूर्य १९ मीटरच्या वाटेने आत जातो, १७ मिनिटे राहतो. बांधले तेव्हा किरण सूर्योदयाबरोबरच आत शिरत असे, आता चार मिनिटांनी शिरतो. पाच हजार वर्षांत चार मिनिटे! कोल्हापुरात दोन-चार दशकांत जे बिघडले, ते आकाशाच्या माथी मारता येणार नाही.

इजिप्तमधल्या अबू सिंबेलचा दाखला बातम्यांत अनेकदा दिला जातो, तोही अर्धाच. दुसऱ्या रामसेसचे ते मंदिर आस्वान धरणाच्या पाण्याखाली जाणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात कापून सुमारे ६५ मीटर वर आणि २०० मीटर मागे नेले. तरी उगवता सूर्य सुमारे ६० मीटर आत जाऊन मूर्तींवर पडतो, आता २२ फेब्रुवारी आणि २२ ऑक्टोबरला. २२ ऑक्टोबर ते २१ डिसेंबर ६० दिवस, तिथून २२ फेब्रुवारी ६३ दिवस, म्हणजे पुन्हा तीच जाता-येतानाची जोडी. गाभाऱ्यात चार मूर्ती आहेत. आमून-रा, रामसेस आणि रा-होराख्ती उजळतात, पाताळाशी नाते असलेला प्ताह कडेच्या अंधारात राहतो. या दोन तारखा राजाचा जन्म आणि राज्याभिषेक यांच्या आहेत, हे वाक्य मात्र निराधार आहे. दोन तारखा येतात त्या भूमितीमुळे. कोणत्याही दाराला त्या दोनच येणार, अयनदिनाचे दार सोडून.

सूर्य आणि तारे यांत फरक करायला हवा, कारण पंचांगात दोन्हींचे देव झाले तरी चाल वेगळी आहे. किरणोत्सव सूर्याच्या क्रांतीला बांधलेला, म्हणून तो तारखेवर टिकून आहे. मकर संक्रांत ताऱ्यांच्या राशीला बांधलेली. संपातबिंदू, म्हणजे विषुवदिनी सूर्य असतो ती आकाशातली जागा, ताऱ्यांतून सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्यामुळे जी संक्रांत सतराशे वर्षांपूर्वी खऱ्या उत्तरायणाबरोबर होती ती आता त्याच्या २४ दिवस नंतर १४-१५ जानेवारीला येते. तरी दर जानेवारीत ‘आजपासून सूर्याचे उत्तरायण सुरू’ असे छापून येते. तोवर दिवस वाढू लागून तीन आठवडे उलटलेले असतात. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात कृत्तिका नक्षत्राचे तारे पूर्वेपासून ढळत नाहीत असे म्हटले आहे. ज्योतिर्विद शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी याच वाक्यावरून काळ काढून तो इ. स. पू. ३००० च्या सुमाराचा धरला होता. त्या निष्कर्षावर वाद आहेत. पण आज कोल्हापुरातून पाहिले तर कृत्तिका पूर्वेच्या २५ अंश उत्तरेला उगवतात, हे कुणीही अंगणातून ताडून पाहू शकतो. सुमेरच्या लोकांनी ‘देव’ लिहायला जे चिन्ह वापरले ते मुळात ताऱ्याचे चित्र होते, आणि आपला ‘देव’ शब्द चकाकणे या अर्थाच्या दिव् धातूपासून आला. देव म्हणजे आधी दिसणारी गोष्ट होती. ती कुठे दिसते, कधी दिसते, हे पाहणे म्हणजे भक्तीत ढवळाढवळ, असे त्या लोकांना वाटले नसावे.

जाता जाता कोल्हापूर जिल्ह्यातलेच खिद्रापूर. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाच्या गोल मोकळ्या छतातून त्रिपुरारी पौर्णिमेला चंद्र डोक्यावर दिसतो, त्यासाठी हल्ली गर्दी होते. त्याचे गणित किरणोत्सवाचेच दुसरे टोक आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. सूर्य १७ अंश दक्षिणेला असेल तर चंद्र १७ अंश उत्तरेच्या आसपास, आणि खिद्रापूरचा अक्षांशही १६.७. म्हणून तो मध्यरात्रीच्या सुमारास माथ्यावर येतो. पण चंद्राची वाट सूर्याच्या वाटेपासून पाच अंशांपर्यंत ढळते आणि हे चक्र १८.६ वर्षांचे आहे. शिवाय तिथी कधी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कधी नोव्हेंबरच्या अखेरीस पडते. त्यामुळे एखाद्या वर्षी चंद्र मधोमध, एखाद्या वर्षी बराच कडेला. ‘दरवर्षी बरोबर मध्यावर’ असे छापू नये.

आपल्याकडे मागणे एवढेच. पुढच्या किरणोत्सवाच्या बातमीत एक छोटी चौकट द्यावी. महाद्वार, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा, चरण, कंबर, मुख यांपैकी प्रत्येक ठिकाणी किरण पोहोचल्याची वेळ, सेकंद नसले तरी मिनिटासह. उजेड शेवटी कुठे होता आणि कसा गेला, म्हणजे सरकून, तांबूस होऊन की एकदम मंद होऊन. त्या वेळी मंदिराबाहेरच्या उंच जागेवरून सूर्य दिसत होता का. आणि आकाशाची स्थिती एका शब्दात. वार्ताहराचे पाच मिनिटांचे काम आहे. आपल्या कोल्हापूर आवृत्तीच्या जुन्या अंकांत वेळा विखुरलेल्या सापडतातच. त्या वर्षवार एका पानावर आणल्या तर ३१ जानेवारीचा उजेड २ फेब्रुवारीपेक्षा वर चढतो की नाही, हे याच हिवाळ्यात ताडून पाहता येईल.

कळावे,
आकाशनिरीक्षणाची आवड असलेले काही वाचक,
कोल्हापूर